दातातील भरण, टिकाऊपणा आणि सार्वजनिक आरोग्याचे अर्थशास्त्र

किडलेला दात बुजवणे ही बाब वरकरणी खासगी व किरकोळ वाटते. तथापि भरण किती वर्षे टिकते, ते कोणाला परवडते आणि त्याच्या टिकाऊपणाची खात्री कोण देतो, हे प्रश्न आरोग्यखर्च, तंत्रज्ञान-धोरण व पर्यावरण या तिन्ही विषयांना स्पर्श करतात. जैवक्रियाशील राळेपासून बनणाऱ्या नव्या भरणद्रव्यांच्या निमित्ताने या प्रश्नांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तंजावूरच्या राजवाड्यातून

तंजावूरच्या राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठेकालीन मोडी दप्तराचे शेकडो रुमाल आहेत. त्यांतील जमाखर्चाचे कागद पाहण्यासाठी काही दिवस तेथे मुक्काम करण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणात उजव्या दाढेतील भरण निखळून हातात आले. त्याच दाढेचे ते तिसरे भरण होते. गावातील एका दंतवैद्यांनी दाढ तपासून सांगितले की, भरणाच्या कडेने पुन्हा कीड शिरली असून आता चौथ्यांदा भरायचे झाल्यास खड्डा अधिक मोठा करावा लागेल. त्यानंतर बहुधा रूट कॅनलच. दर वेळी पैसे मोजले, दर वेळी दात थोडा कमी झाला आणि आजार मात्र जेथे होता तेथेच राहिला. हा अनुभव एकट्या लेखकाचा नाही. दंतशास्त्रात यास पुनर्भरणाचे चक्र असे मानले जाते.

सायंकाळी राजवाड्याच्या आवारातून फिरताना या चक्राचा एक चांगला दृष्टान्त सापडला. नायक राजांनी उभारलेल्या आणि पुढे भोसले घराण्याने वाढवलेल्या या वास्तूचा गिलावा चुन्याचा आहे. चुन्याच्या गिलाव्यास बारीक भेग पडली की झिरपणारे पाणी थोडा चुना विरघळवते, तो भेगेत वाहून नेते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन तेथे कॅल्शियम कार्बोनेटचा नवा थर बसतो. लहानशी भेग अशा रीतीने आपोआप बुजते. उलट जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचे थिगळ लावले तर ते स्वतः कठीण राहते. परंतु भिंतीबरोबर हलत नाही, ओल कोंडून धरते आणि काही वर्षांनी कडेने सुटते. थिगळ मजबूत असणे आणि दुरुस्ती टिकाऊ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दंतभरणाच्या संशोधनातील आजचा मुख्य प्रश्न नेमका हाच आहे.

या राजवाड्याचा वैद्यकाशी संबंध जुना आहे. व्यंकोजीराजे भोसले यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे मराठी सत्तेचा पाया घातला. १७९८ साली गादीवर आलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांना १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवावा लागला. सत्ता गेली, पण विद्येचा व्यासंग वाढला. त्यांनी ग्रंथालय समृद्ध केले, देवनागरी छापखाना घातला आणि धन्वंतरी महाल ही वैद्यकीय संस्था चालवली. तेथे देशी वैद्यकपद्धतींबरोबर पाश्चात्त्य वैद्यकाचाही अभ्यास होत असे. नेत्ररुग्णांच्या नोंदी व त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे तेथे तयार करण्यात आली आणि ती आजही उपलब्ध आहेत. औषधयोगांचे संकलन ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या तमिळ ग्रंथमालेच्या रूपाने पुढे प्रसिद्ध झाले. उपचार करून न थांबता त्याची नोंद ठेवणे, ही या संस्थेची शिकवण प्रस्तुत विषयाच्या संदर्भात महत्त्वाची आहे. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

दात किडतो म्हणजे काय होते?

दाताचे बाह्य कवच म्हणजे दंतवल्क अर्थात इनॅमल. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असून हे खनिज म्हणजे कॅल्शियम व फॉस्फेट यांचे हायड्रॉक्सिॲपेटाइट होय. आतील डेंटिनमध्ये खनिजाचे प्रमाण सुमारे ७० टक्के असते. उरलेला भाग कोलॅजन हे प्रथिन व पाणी यांचा असतो.

तोंडातील स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जीवाणू साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. दातावरील थराचा सामू साधारणतः ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील खनिज विरघळू लागते. डेंटिन याहून सौम्य आम्लतेतही विरघळते. लाळ ही आम्लता कमी करते व कॅल्शियम-फॉस्फेट पुन्हा दाताला पुरवते. त्यामुळे दाताच्या पृष्ठभागावर खनिजाची झीज व भर हे दोन व्यवहार सतत चालू असतात. जमेपेक्षा खर्च दीर्घकाळ अधिक झाला की खड्डा पडतो. फ्लोराइड असल्यास अधिक टणक, आम्लास अधिक दाद न देणारे खनिज तयार होते.

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात १२ वर्षे वयाच्या ५३.८ टक्के मुलांमध्ये आणि ३५ ते ४४ वयोगटातील ८०.२ टक्के व्यक्तींमध्ये दंतक्षय आढळला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना मौखिक आजारांची बाधा आहे आणि कायमच्या दातांचा उपचार न झालेला क्षय असणाऱ्यांची संख्या सुमारे २०० कोटी आहे.

भरणद्रव्यांचा प्रवास

आपल्याकडे लोक ज्याला ‘चांदी भरणे’ म्हणतात ते वस्तुतः पारदमिश्रण असते. त्यात निम्म्याच्या आसपास पारा असून उर्वरित भागात चांदी, कथील व तांबे असते. हे भरण स्वस्त, मजबूत व ओलसर तोंडातही बसवता येण्याजोगे असल्याने दीड शतकाहून अधिक काळ जगभर वापरले गेले. मात्र ते दाताला रासायनिकदृष्ट्या चिकटत नाही. त्याला अडकवून ठेवण्यासाठी दाताचा निरोगी भागही कोरावा लागतो.

१९५५ साली मायकेल ब्युओनोकोर यांनी फॉस्फरिक आम्लाने दंतवल्काचा पृष्ठभाग खडबडीत केल्यास राळ त्याला घट्ट धरते, हे दाखवले. अमेरिकेतील राफाएल बोवेन यांनी बिस-जीएमए ही राळ विकसित केली व १९६२ साली तिचे पेटंट त्यांना मिळाले. या राळेत काचेची बारीक पूड मिसळून बनलेले संमिश्र आज ‘दाताच्या रंगाचे सिमेंट’ म्हणून परिचित आहे. निळ्या प्रकाशाने ते काही सेकंदांत घट्ट होते. १९७२ साली ब्रिटनमधील ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी ग्लास आयोनोमरची माहिती प्रसिद्ध केली. हे द्रव्य दाताला रासायनिक बंधाने चिकटते व फ्लोराइड सोडते. परंतु दाढांवरील चावण्याच्या ताणापुढे ते राळेच्या संमिश्राइतके टिकत नाही.

राळेच्या संमिश्राची खरी दुर्बलता त्याच्या कडेला आहे. घट्ट होताना त्याचे घनफळ साधारणतः २ ते ३ टक्क्यांनी घटते. त्यामुळे कडेला ताण निर्माण होतो व सूक्ष्म फट पडू शकते. लाळेतील व जीवाणूंमधील विकरे राळेचे बंध हळूहळू तोडतात. डेंटिनमधील विकरे चिकटथरातील उघडे कोलॅजन नष्ट करतात. फटीत जीवाणू शिरतात व भरणाशेजारी पुन्हा कीड लागते. राळेची भरणे निकामी होण्याची दोन प्रमुख कारणे म्हणजे ही दुय्यम कीड आणि भरण वा दात तुटणे.

जैवक्रियाशील राळ : संकल्पना व कार्य

आजवर भरणद्रव्य निष्क्रिय असावे, त्याने शरीराशी कोणतीही क्रिया करू नये, अशी अपेक्षा असे. १९६९ साली फ्लोरिडा विद्यापीठातील लॅरी हेंच यांनी हाडाशी रासायनिक बंध जोडणारी काच तयार केली, तेव्हा या अपेक्षेस छेद गेला. सिलिका ४५ टक्के, सोडियम व कॅल्शियम यांची ऑक्साइडे प्रत्येकी २४.५ टक्के आणि फॉस्फरसचे ऑक्साइड ६ टक्के, असे तिचे वजनी प्रमाण होते. शरीरद्रवात ही काच अंशतः विरघळते आणि तिच्या पृष्ठभागावर ॲपेटाइटचा थर जमतो.

हाच विचार राळेच्या भरणात आणण्याचे प्रयत्न तीन दिशांनी चालू आहेत. पहिली दिशा खनिज पुरवणाऱ्या पुडीची. राळेत जैवक्रियाशील काच अथवा अस्फटिकी कॅल्शियम फॉस्फेट मिसळतात. सामू घसरला की ही पूड कॅल्शियम व फॉस्फेट सोडते. म्हणजे धोका वाढला की पुरवठा वाढतो. दुसरी दिशा जीवाणूरोधक राळेची. जपानमधील संशोधकांनी १९९० च्या दशकात जीवाणूंना मारणारा रेणू राळेच्या साखळीतच गुंफला. तो झिरपून जात नसल्याने त्याचा परिणाम दीर्घकाळ राहावा, अशी अपेक्षा असते. तिसरी दिशा कडेच्या चिकटथराचे रक्षण करण्याची, म्हणजे कोलॅजनचा नाश रोखून तेथे पुन्हा खनिज बसवण्याची.

चुन्याच्या गिलाव्याचा दृष्टान्त येथे लागू पडतो. भेग पडणारच नाही, असा दावा येथे नाही. पडलेल्या भेगेत खनिज भरले जावे, ही खटपट आहे.

परंतु येथे एक पेच आहे. खनिज सोडायचे तर पाणी आत शिरले पाहिजे आणि पूड विरघळली पाहिजे. पाणी आत शिरले की राळ फुगते व तिची ताकद घटते. पूड विरघळली की तेथे पोकळी राहते. जितके अधिक देणे तितके कमी टिकणे, असा हा व्यस्त संबंध आहे. जीवाणूरोधक पृष्ठभागावर लाळेतील प्रथिनांचा थर बसला की त्याचा प्रभावही मंदावतो. म्हणून प्रयोगशाळेतील काही आठवड्यांचे उत्साहवर्धक निष्कर्ष तोंडातील दहा वर्षांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. जागतिक दंत महासंघानेही २०२२ मधील आपल्या धोरण-निवेदनात ‘जैवक्रियाशील’ हा शब्द पुराव्याच्या आधारेच वापरावा, अशी भूमिका घेतली आहे.

टिकाऊपणाची किंमत : एक उदाहरण

आता अर्थशास्त्राकडे वळू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. भरण ‘अ’ची किंमत ६०० रुपये असून ते ५ वर्षे टिकते, भरण ‘ब’ची किंमत १००० रुपये असून ते १० वर्षे टिकते. प्रत्येक खेपेस प्रवास व बुडालेली मजुरी मिळून ४०० रुपये खर्च येतो. म्हणजे एका खेपेचा एकूण खर्च ‘अ’साठी १००० व ‘ब’साठी १४०० रुपये होतो.

नुसता भागाकार केला तर ‘अ’चा वार्षिक खर्च २०० व ‘ब’चा १४० रुपये येतो. परंतु आज दिलेला रुपया व पाच वर्षांनी द्यावयाचा रुपया समान नसतात. म्हणून वटावदर विचारात घ्यावा लागतो. वार्षिक ५ टक्के दराने समतुल्य वार्षिक खर्च ‘अ’साठी सुमारे २३१ रुपये व ‘ब’साठी सुमारे १८१ रुपये येतो. टिकाऊ भरण स्पष्टपणे किफायतशीर ठरते.

आता हीच निवड सावकाराकडून दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने पैसे उचलणाऱ्या मजुराच्या दृष्टीने पाहू. त्याच्यासाठी वटावदर वर्षाला २४ टक्के आहे. या दराने ‘अ’चा समतुल्य वार्षिक खर्च सुमारे ३६४ रुपये, तर ‘ब’चा सुमारे ३८० रुपये होतो. क्रम उलटला. म्हणजे गरीब रुग्ण अल्पायुषी भरण निवडतो ते अज्ञानापोटीच असे नव्हे. त्याच्या परिस्थितीत ती निवड हिशेबाला धरून असते. समाजासाठी जे स्वस्त ते त्याच्यासाठी महाग ठरते. आणि या गणितात प्रत्येक पुनर्भरणात कोरला जाणारा दात, पुढे होणारे रूट कॅनल वा दात काढणे हे धरलेलेच नाही.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत खाली आला. ही घट स्वागतार्ह आहे. मात्र भरणासारखे बाह्यरुग्ण उपचार सामान्यतः रुग्णालयात दाखल होण्याशी निगडित विम्याच्या कक्षेबाहेर राहतात. त्यामुळे दाताच्या खर्चाचा भार प्रामुख्याने कुटुंबावरच पडतो.

बाजार येथे का अपुरा पडतो?

विद्यार्थ्यांनी पुढील तीन संकल्पना या उदाहरणाशी जोडून पाहाव्यात.

पहिली, माहितीची विषमता. दाढेत काय भरले, कडा नीट बसली की नाही, हे रुग्णास दिसत नाही. भरण सहा वर्षांनी निखळले तर दोष द्रव्याचा, कारागिरीचा की आपल्या खाण्याचा, हेही त्यास कळत नाही. अशा बाजारात ‘जैवक्रियाशील’ हे विशेषण केवळ भाव वाढवण्यासाठी वापरले जाण्याचा धोका असतो.

दुसरी, बाह्यपरिणाम. पारदमिश्रणाची किंमत कमी दिसते, कारण सांडपाण्यातून व दहनभूमीच्या धुरातून पर्यावरणात जाणाऱ्या पाऱ्याचा खर्च त्या किमतीत धरलेला नसतो. पाऱ्यासंबंधीचा मिनामाता करार २०१३ साली स्वीकारला गेला व १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला. भारताने २०१८ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून पारदमिश्रणाचा वापर अपवाद वगळता थांबवला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत करारातील राष्ट्रांनी २०३४ पर्यंत त्याचा वापर संपुष्टात आणण्याचे मान्य केले. चांदी जाणार हे निश्चित आहे. तिच्या जागी तितकेच टिकणारे व तितकेच परवडणारे काय येणार, हा प्रश्न आता कालबद्ध झाला आहे.

तिसरी, ज्ञान ही सार्वजनिक वस्तू. भरण दहा वर्षे टिकते का, हे सिद्ध करण्यास दहा वर्षे लागतात. इतका काळ थांबण्यास खासगी उत्पादक सहसा तयार नसतो. आणि सिद्ध झालेले ज्ञान प्रतिस्पर्ध्यासही उपयोगी पडते. म्हणून अशा पाठपुराव्यात खासगी गुंतवणूक गरजेपेक्षा कमी होते.

धोरणाच्या दिशा

देशात पाया नाही असे नाही. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने जैवसिरॅमिक व दंतभरणाच्या द्रव्यांवर दीर्घकाळ काम केले आहे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ अन्वये जोखमीनुसार उपकरणांचे चार वर्ग केले असून १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे नियमनाच्या कक्षेत आणण्यात आली. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून राबवला जात आहे. दंतशिक्षण व व्यवसाय यांच्या नियमनासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत झाला. या पायावर चार गोष्टी करता येतील.

एक, सरकारी दंतमहाविद्यालयांत भरणांची समान नोंदवही ठेवावी. कोणते द्रव्य, कोणत्या दातात, कोणत्या दिवशी भरले व ते केव्हा निकामी झाले, एवढ्याच नोंदी पुरेशा आहेत. भारतीय लाळ, आहार व हवामान यांत कोणते द्रव्य टिकते, याचे उत्तर आयात केलेल्या माहितीपत्रकातून मिळणार नाही.

दोन, सार्वजनिक खरेदीत प्रति नग किमतीऐवजी टिकाऊपणाच्या प्रति वर्ष खर्चाची तुलना करावी. सर्वांत कमी दराची निविदा आणि सर्वांत कमी खर्चाची निवड एकच असतात असे नाही, हे वरील उदाहरणावरून स्पष्ट होते. शासनास स्वस्त व्याजाने कर्ज मिळते. म्हणून टिकाऊ भरणाचा भार शासनाने उचलणे समाजाच्या दृष्टीने लाभाचे ठरते.

तीन, ‘जैवक्रियाशील’ या दाव्यासाठी किमान चिकित्सालयीन पुरावा बंधनकारक करावा.

चार, आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रतिबंधास अग्रक्रम द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड व ग्लास आयोनोमर यांचा अत्यावश्यक औषधांच्या आदर्श यादीत समावेश केला. विजेशिवाय, हाताच्या हत्यारांनी कीड काढून ग्लास आयोनोमर भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. ती शाळा व उपकेंद्रांच्या पातळीवर उपयुक्त आहे. मात्र आपल्या काही जिल्ह्यांत भूजलातच फ्लोराइडचे प्रमाण अपायकारक असल्याने सर्वत्र एकच उपाय योजता येणार नाही. साखरेचे सेवन वारंवार होत राहिले तर कोणतेही भरण, ते कितीही क्रियाशील असो, अपुरेच पडेल.

समारोप

जैवक्रियाशील राळ हे आशादायक तंत्र आहे. ते सिद्ध झालेले तंत्र म्हणवण्यास मात्र अद्याप दीर्घ पाठपुराव्याची गरज आहे. तंत्रज्ञानाचे मूल्य त्याच्या नावीन्यात नसून ते किती काळ, किती लोकांना व किती खर्चात उपयोगी पडते यात असते. कारभाराचा अधिकार गमावलेल्या सरफोजीराजांच्या वैद्यकशाळेने रुग्णांच्या डोळ्यांची चित्रे काढून ठेवली. म्हणून दोनशे वर्षांनंतर आपण त्या उपचारांविषयी काही ठामपणे बोलू शकतो. आज रोज असंख्य दात बुजवले जातात आणि त्यांपैकी बहुतेकांची पुढची हकीकत कोठेच लिहिली जात नाही. प्रस्तुत लेखकाच्या दाढेच्या तीन भरणांपैकी एकाचेही द्रव्य कोणते होते, याची नोंद त्याच्यापाशी नाही. चौथे भरण बसवताना त्या दंतवैद्यांनी द्रव्याचे नाव व तारीख एका चिठ्ठीवर लिहून दिली. धोरणाची सुरुवात एवढ्या साध्या चिठ्ठीपासूनही होऊ शकते.

स्वाध्यायासाठी प्रश्न

१. ‘सर्वांत कमी दर म्हणजे सर्वांत कमी खर्च नव्हे.’ वटावदराच्या आधारे हे विधान स्पष्ट करा.
२. पारदमिश्रणाच्या संदर्भात बाह्यपरिणाम ही संकल्पना विशद करून मिनामाता कराराचे महत्त्व सांगा.
३. जैवक्रियाशील भरणद्रव्यांत खनिज सोडणे व ताकद टिकवणे यांत विरोध का निर्माण होतो?
४. आरोग्यविषयक नोंदी ही सार्वजनिक वस्तू आहे काय? सोदाहरण चर्चा करा.